क्षयाची औषधे मोफत असूनही उपचार अर्धवट का राहतात?

प्रश्न (नाशिक रोड):
सुरगाणा-पेठकडून द्राक्षबागांच्या कामासाठी दिंडोरी-निफाडला येणाऱ्या मजुरांचा क्षयरोगावरील सहा महिन्यांचा उपचार मध्येच का खंडित होतो?

प्रतिसाद १:
औषध मोफत असले, तरी केंद्रात जाण्यासाठी बुडणारा रोज मोफत नसतो. शिवाय हंगाम संपताच मजूर गावी परततो. निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदप्रणालीत रुग्णाची नोंद दुसऱ्या केंद्राकडे वर्ग करता येते, पण त्यासाठी निघण्यापूर्वी कळवावे लागते, आणि मुकादमाची गाडी कोणासाठी थांबत नाही.

प्रतिसाद २:
मला आहाराचा मुद्दा अधिक मूलभूत वाटतो. झारखंडमधील ज्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तीत रुग्णांच्या कुटुंबीयांना पूरक शिधा दिल्यावर त्यांच्यातील क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे सरकारी साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १००० रुपये झाले आहे. मात्र ते बँक खात्यात जमा होत असल्याने, खात्याच्या कागदपत्रांत अडचण असलेला रुग्ण, म्हणजे बहुधा सर्वांत गरजूच, मागे राहतो.

प्रश्नकर्ता:
म्हणजे बागायतदारांनी कामावर घेतानाच चौकशी करून आशाताईंना कळवावे का?

प्रतिसाद १:
रुग्णाची संमती असेल तरच. अन्यथा काम जाण्याच्या भीतीने तो आजारच लपवील.