मोफत होस्टिंगवरील संकेतस्थळाचे प्रमाणपत्र लॅपटॉपवर चालते, फोनवर नाही. आता नूतनीकरणही अडले आहे

टिपणवही:

माझे एक लहान संकेतस्थळ आहे. डोमेन मी विकत घेतलेले आहे, पाने मात्र मोफत होस्टिंगवर आहेत. तेथे प्रमाणपत्र, म्हणजे संकेतस्थळाची ओळख ब्राउझरला पटवून जोडणी सुरक्षित करणारी फाइल, आपोआप मिळण्याची सोय नाही. म्हणून ब्राउझरमधून चालणारे एक साधन वापरून लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे प्रमाणपत्र घेतले आणि ते खासगी कीसह (प्रमाणपत्राच्या जोडीची गुप्त फाइल) कंट्रोल पॅनेलमधील चौकटींत चिकटवले. लॅपटॉपवर सर्व सुरळीत दिसते. फोनवर, विशेषतः एखाद्या ॲपमधून दुवा उघडल्यास, ‘हे कनेक्शन खासगी नाही’ अशी सूचना येते. पत्त्याच्या आधी डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू लावले तर लॅपटॉपवरही तीच सूचना येते.

मुदत संपत आल्यामुळे काल नवे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा पडताळणी अयशस्वी झाली. सांगितलेली फाइल सांगितलेल्या जागी ठेवली होती आणि माझ्या ब्राउझरमध्ये ती नीट उघडते. सात-आठ वेळा प्रयत्न केल्यावर ‘मर्यादा ओलांडली’ असा संदेश आला. दोष माझ्याकडून होत आहे, होस्टिंगचा आहे की प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, हे कसे ओळखावे?

सांधा:

आपण सांगितलेल्या तक्रारी दिसायला एकसारख्या असल्या, तरी त्यांची कारणे वेगवेगळी आहेत, आणि नवे प्रमाणपत्र मागितल्याने त्यांपैकी सगळ्या सुटणार नाहीत. म्हणून सध्या नवी मागणी थांबवावी आणि सूचनेच्या पानावरील ‘अधिक माहिती’ उघडून नेमका कोणता दोष नोंदवला आहे ते वाचावे. नाव जुळत नाही, मुदत संपली आहे आणि देणारी संस्था ओळखीची नाही, हे तीन स्वतंत्र दोष आहेत.

डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यूचे उत्तर सोपे आहे. प्रमाणपत्रात नावांची यादी असते आणि ब्राउझर त्या यादीत नसलेले नाव स्वीकारत नाही. आपण केवळ मूळ डोमेनचे नाव दिले असावे; पुढच्या वेळी दोन्ही नावे एकाच मागणीत द्यावीत. तारांकित प्रमाणपत्र (डोमेनच्या आधी कोणतेही उपनाव चालणारे) घेतले तरी त्यात मूळ नाव आपोआप येत नाही, तेही वेगळे लिहावे लागते.

फोनची अडचण बहुधा साखळीची आहे. आपल्या प्रमाणपत्रावर सही असते ती एका मधल्या प्रमाणपत्राची, आणि त्या मधल्यावर मूळ प्रमाणपत्राची. फोनमध्ये आधीपासून साठवलेले असते ते फक्त मूळ. मधला दुवा सर्व्हरने स्वतः पाठवायचा असतो. तो न पाठवल्यास काही ब्राउझर पूर्वी पाहिलेली प्रत वापरतात किंवा ती स्वतः शोधून आणतात, त्यामुळे लॅपटॉपवर चूक झाकली जाते. अनेक ॲप तसे करत नाहीत आणि तेथे साखळी तुटते. साधनाने दिलेल्या फायलींपैकी ‘फुलचेन’ नावाची फाइल वापरावी, किंवा आपले प्रमाणपत्र आधी आणि त्याखाली मधले, या क्रमाने दोन्ही चिकटवावीत. पॅनेलमध्ये ‘सीए बंडल’ अशी वेगळी चौकट असेल, तर मधले प्रमाणपत्र तेथे जाते.

त्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. फोनची तारीख बरोबर आहे ना, आणि फोन फार जुना तर नाही ना. लेट्स एन्क्रिप्टचे ‘आयएसआरजी रूट एक्स१’ हे मूळ प्रमाणपत्र अँड्रॉइड ७.१.१ पासून पुढच्या आवृत्त्यांतच साठवलेले असते. त्याच फोनवर त्याच संस्थेचे प्रमाणपत्र असलेली इतर संकेतस्थळे उघडत असतील, तर दोष आपल्या साखळीत आहे हे निश्चित समजावे.

एक कळकळीची विनंती: मदत मागताना खासगी की कोणालाही पाठवू नये. प्रमाणपत्र सार्वजनिक असते, की कधीच नसते.

दीपमाळ:

नूतनीकरणाविषयी लिहितो, कारण मी यात बरेच दिवस अडकलो होतो.

फाइल आपल्या ब्राउझरमध्ये उघडते, यावरून ती पडताळणी करणाऱ्या यंत्रणेलाही मिळते असे सिद्ध होत नाही. काही मोफत होस्टिंग सेवा स्वयंचलित भेटी रोखण्यासाठी प्रत्येक विनंतीपुढे जावास्क्रिप्टची एक चाचणी ठेवतात. ब्राउझर ती क्षणात पार करतो आणि आपल्याला कळतही नाही. प्रमाणपत्र देणारी यंत्रणा जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे तिच्या हाती आपल्या फाइलऐवजी त्या चाचणीचेच पान पडते. माझ्या बाबतीत हेच घडत होते. आज्ञा-ओळीवरून ‘कर्ल’ने (ब्राउझरविना पान मागवणाऱ्या साधनाने) तोच पत्ता मागवला, तेव्हा उत्तरात स्क्रिप्ट दिसली आणि उलगडा झाला. आपणही हे करून पाहावे.

दुसरी शक्यता डीएनएसमधील, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या नोंदींमधील, जुन्या नोंदीची आहे. होस्टिंग बदलताना आपण आयपी आवृत्ती ४ चा पत्ता बदलतो, पण आवृत्ती ६ ची, म्हणजे ‘क्वाड-ए’ नावाची नोंद तशीच राहते. ती असल्यास लेट्स एन्क्रिप्ट आधी तिकडेच जाते आणि जुन्या सर्व्हरकडून चुकीचे उत्तर घेऊन परतते.

चाचणीचे पान हेच कारण निघाले, तर फाइलचा मार्ग सोडून द्यावा आणि डीएनएसमधून पडताळणी करावी. त्यात होस्टिंगचा संबंधच येत नाही. ‘अंडरस्कोर ॲक्मी-चॅलेंज’ या नावाची टीएक्सटी (मजकुराची) नोंद करून त्यात साधनाने दिलेले मूल्य ठेवायचे असते. येथे एक चूक फार वेळा होते. अनेक पॅनेल नावाच्या चौकटीत लिहिलेल्या मजकुरामागे डोमेन स्वतःच जोडतात. आपणही पूर्ण नाव लिहिले, तर डोमेन दोनदा येते आणि नोंद भलत्याच नावाने तयार होते. मूळ नाव आणि तारांकित नाव एकत्र मागितल्यास एकाच नावाच्या दोन नोंदी लागतात. दुसरी करताना पहिली पुसू नये.

मर्यादेबद्दल काळजी नसावी. एका खात्याला एका नावासाठी तासाला ५ अयशस्वी पडताळण्यांची मुभा असते, त्यामुळे हा अडथळा लवकर दूर होतो. नेमक्या त्याच नावांची प्रमाणपत्रे मात्र ७ दिवसांत ५ पेक्षा अधिक मिळत नाहीत, आणि ती मर्यादा गाठल्यास खोळंबा होतो. साधनात ‘स्टेजिंग’चा, म्हणजे केवळ चाचणीची प्रमाणपत्रे देणारा, पर्याय असेल, तर सराव तेथेच करावा.

टिपणवही:

दोघांचेही मनापासून आभार. ‘कर्ल’ने खरोखरच स्क्रिप्टचे पान दिले. डीएनएसचा मार्ग घेतला, आणि पहिल्याच प्रयत्नात डोमेन दोनदा जोडले गेले! नोंद सुधारल्यावर दोन्ही नावांचे प्रमाणपत्र मिळाले. पॅनेलने ते आधी नाकारले, कारण मी जुनीच की ठेवली होती आणि साधनाने या वेळी नवी तयार केली होती. आता साखळीसह सर्व बसवले आहे आणि फोनवरही संकेतस्थळ उघडते.

एका पानावर मात्र अजूनही ‘पूर्णपणे सुरक्षित नाही’ असे दिसते. शिवाय हा खटाटोप दर तीन महिन्यांनी करावा लागणार का?

सांधा:

त्या एका पानावर एखादे चित्र किंवा स्क्रिप्ट जुन्या असुरक्षित पत्त्यावरून येत असेल. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये तो पत्ता दिसतो. पानाच्या मजकुरात तो बदलावा. प्रमाणपत्राशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र ९० दिवस चालते, आणि मुदत संपत आल्याची ईमेल पाठवणे त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केले आहे. ब्राउझर बनवणाऱ्या आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या सामायिक मंचाने ठरवल्यानुसार सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे. हाताने चिकटवण्याची पद्धत त्या गतीला पुरणार नाही असे माझे स्पष्ट मत आहे. एखादे नूतनीकरण राहून गेले की वाचकांना थेट धोक्याची सूचना दिसते, आणि अशी सूचना दुर्लक्षून पुढे जाण्याची सवय आपणच त्यांना लावतो. ही गोष्ट मला फार खटकते.

आपली पाने स्थिर असतील, म्हणजे सर्व्हरवर डेटाबेस चालत नसेल, तर प्रमाणपत्र स्वतःच घेणाऱ्या आणि नूतनीकरण करणाऱ्या मोफत सेवेकडे ती हलवावीत. गिटहब पेजेस स्वतःच्या डोमेनसाठीही हे करते. सध्याच्या होस्टिंगपुढे क्लाउडफ्लेअरसारखी मध्यस्थ सेवा ठेवणे हा दुसरा मार्ग आहे. त्यात ‘फ्लेक्सिबल’ हा पर्याय निवडू नये, कारण तेव्हा मध्यस्थापासून सर्व्हरपर्यंतचा प्रवास उघडाच राहतो, आणि सर्व्हरही सुरक्षित पत्त्याकडे वळवत असेल तर पान गोल फिरत राहते.

नूतनीकरण स्वयंचलित होईपर्यंत एचएसटीएस, म्हणजे संकेतस्थळ फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडावे असे ब्राउझरला बजावण्याची सोय, सुरू करू नये. ते सुरू असताना प्रमाणपत्राची मुदत संपली, तर वाचकाला पुढे जाण्याचा पर्यायही उरत नाही.

दीपमाळ:

पाने हलवणार असाल, तर एक-दोन दिवस आधी डीएनएस नोंदींचा टीटीएल (नोंदीची प्रत इतरत्र किती वेळ साठवायची ती मुदत) कमी करून ठेवावा, म्हणजे बदल लवकर पोहोचेल. सीएए नावाची, म्हणजे डोमेनला कोणत्या संस्थेने प्रमाणपत्र द्यावे हे ठरवणारी, नोंद केलेली असल्यास तीत नव्या सेवेला प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव आहे का ते पाहावे. नसेल तर प्रमाणपत्र मिळणार नाही. नवे प्रमाणपत्र तयार होऊन दोन्ही नावांनी फोनवर पान उघडल्याची खात्री झाल्यावरच जुन्या होस्टिंगवरील फायली काढाव्यात.