मदत हवी आहे: मृतदेहात डायटम (पाण्यातील सूक्ष्म शैवाल) शोधण्याची चाचणी नकारात्मक आली म्हणजे माणूस पाण्यात पडण्यापूर्वीच मरण पावला होता, असे ठरते का?

नमस्कार. न्यायवैद्यकशास्त्र जाणणारे डॉक्टर आणि सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवणारे वकील यांचे मार्गदर्शन हवे आहे.

आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाडीकाठच्या एका वाडीत राहतो. गेल्या वर्षी श्रावणात, खाडीला लाल पाण्याचा लोंढा असताना, वाडीतील एक गृहस्थ रात्री बेपत्ता झाले आणि तिसऱ्या दिवशी ओहोटीला त्यांचा मृतदेह जेटीजवळच्या खडकांत अडकलेला सापडला. आधी अकस्मात मृत्यूची नोंद झाली. नंतर, आदल्या संध्याकाळी जाळी लावण्याच्या जागेवरून झालेल्या भांडणाच्या आधारे माझ्या मावसभावावर खुनाचा गुन्हा दाखल झाला. तो आज न्यायालयीन कोठडीत आहे. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार कोणीही नाही.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी डोक्यावरील जखम नोंदवली, मांडीच्या हाडाचा तुकडा व व्हिसेरा (आतल्या अवयवांचे नमुने) तपासणीसाठी काढून घेतला आणि मृत्यूच्या कारणाविषयीचे मत राखून ठेवले. अस्थिमज्जेत डायटम आढळले नाहीत, असा प्रयोगशाळेचा अहवाल आल्यावर त्यांनी अंतिम मत दिले की मृत्यू बुडून नव्हे, डोक्याच्या दुखापतीने झाला. दोषारोपपत्राचा सारा डोलारा आता या मतावर उभा आहे.

मला समजले ते असे. डायटम या शैवालांचे कवच सिलिकाचे असते, त्यामुळे नायट्रिक आम्लात ऊती विरघळवल्या तरी ते टिकते. बुडणारा माणूस पाणी श्वासात ओढतो, फुप्फुसातून डायटम रक्तात उतरतात आणि हृदय चालू असेल तरच ते मज्जेपर्यंत पोहोचतात. म्हणून मज्जेत ते सापडले, तर माणूस पाण्यात पडला तेव्हा जिवंत होता, याला बळ मिळते. पण उलट दिशेने हा तर्क चालत नाही. पाण्यात डायटम विरळ असतील, हृदय लगेच थांबले असेल किंवा तपासलेला अंश थोडा असेल, तर बुडून मेलेल्या माणसाच्या हाडातही ते न सापडणे शक्य आहे. बुडण्याची खूण मानला जाणारा नाकातोंडातील फेसही कुजण्याच्या क्रियेत नाहीसा होतो, आणि हा देह तर दोन रात्री पाण्यात होता. डोक्यावरची जखम खडकावर आपटून झाली असण्याची शक्यता अहवालात कोठेही विचारात घेतलेली नाही.

मला सर्वांत खटकते ती पाण्याच्या नमुन्याची गोष्ट. तुलनेसाठी खाडीचे पाणी घेतल्याचा पंचनामा मार्गशीर्षातला आहे. ज्याने खाडी बारमाही पाहिली आहे त्याला सांगावे लागणार नाही की श्रावणातले गढूळ, जवळजवळ गोडे पाणी आणि मार्गशीर्षातले नितळ, खारे पाणी ही वेगळी पाणी आहेत. त्यांतील जीवही वेगळे असतात आणि त्यांचे प्रमाणही. मार्गशीर्षाच्या नमुन्यात डायटम भरपूर सापडले, यावरून पाण्यात होते पण हाडात नव्हते, असा निष्कर्ष काढला गेला आहे. मात्र त्या रात्रीच्या पाण्यात ते किती होते, हे सांगणारा नमुना कोणीच घेतलेला नाही. नमुना घेतला तोही जेटीपाशी, आणि घटना घडली असे म्हणतात ती जागा तिथून बरीच वर, खाजणाच्या अंगाला आहे. त्या वेळी भरती होती की ओहोटी, याचीही नोंद पंचनाम्यात नाही.

हाडाचा तुकडा प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत कोठे व कोणत्या मोहोरेखाली होता, हेही कागदपत्रांतून नीट लागत नाही. ठाणे जिल्ह्यातील एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीस निर्दोष सोडताना, डीएनएचे नमुने पाठवण्यास झालेल्या विलंबाचे स्पष्टीकरण नाही, हे महत्त्वाचे मानले होते. तोच विचार इथे लागू होईल का? परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी, हे शरद बिरदीचंद सारडा खटल्यात १९८४ मध्येच सांगितले गेले आहे. इथे तर साखळीची मुख्य कडीच एका न सापडलेल्या गोष्टीची आहे.

मृत गृहस्थ आमच्याच वाडीचे होते. त्यांच्या घरच्यांनाही खरे कारण कळायला हवे, आणि ते अर्धवट चाचणीतून कळणार नाही, असे मला मनापासून वाटते.

पुढील तारखेला डॉक्टरांची सरतपासणी (सरकारी वकिलांनी घ्यायची साक्ष) आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे प्रयोगशाळेचा अहवाल तज्ज्ञाच्या साक्षीवाचूनही पुराव्यात वाचता येतो, पण न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते. तो अर्ज डॉक्टरांच्या उलटतपासणीआधी द्यावा की नंतर? उरलेल्या हाडाची फेरतपासणी मागता येते का, आणि बचाव पक्षाला स्वतःचा न्यायवैद्यक तज्ज्ञ उभा करायचा असल्यास तो कोठे शोधावा? शवविच्छेदन अहवाल, दोन्ही पंचनामे आणि प्रयोगशाळेचा अहवाल यांच्या प्रती माझ्याकडे आहेत. नावे झाकून व्यक्तिगत निरोपातून पाठवू शकेन.