रोबो मध्येच का बसतो? अनुभव धागा

आमच्याकडे रोबो व्हॅक्युम येऊन दीड वर्ष झालं. घर रत्नागिरीत, जुनंच, पण फरशी नवी घातलेली. मागच्या महिन्यात एक दिवस तो माजघर झाडून स्वयंपाकघराकडे निघाला, दाराशी थबकला, मागे आला, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. चार-पाच वेळा हा नाच झाला आणि मग कुठल्याशा सेन्सरचं नाव इंग्रजीत घेऊन गप्प बसला. उचलून स्वयंपाकघरात ठेवला तर तिथलं सगळं नीट झाडलं. परत येताना त्याच दाराशी तोच तमाशा.

कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलाने फॅक्टरी रीसेट करायला सांगितलं. केलं. घराचा मॅप गेला, दुखणं राहिलं. मग म्हणाला, मशीन पाठवून द्या, पंधरा दिवस लागतील.

शेवटी मीच जमिनीवर आडवी पडून बघितलं. त्या दारात काळ्या कडाप्प्याची सहा इंची पट्टी आहे. रोबोच्या पोटाखाली कडेकडेने छोट्या काळ्या काचा असतात, ते क्लिफ सेन्सर. त्यांतून इन्फ्रारेड उजेड खाली पडतो आणि फरशीवरून परत येतो. परत आला नाही की रोबो समजतो, पुढे जिना आहे. काळा दगड हा उजेड पिऊन टाकतो. म्हणजे त्याच्या हिशोबाने आमच्या दारात विहीर होती. मी पट्टीवर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून चिकटवलं, पांढरी बाजू वर. त्यावरून बिनधास्त गेला.

पण मग दीड वर्ष ही विहीर त्याला कशी दिसली नाही? सेन्सरवरून कोरडं सुती फडकं फिरवलं तेव्हा उत्तर मिळालं. फडक्यावर तांबूस डाग. चिऱ्याची धूळ. कडाप्प्यावरून आधीच जेमतेम परत येणारा उजेड, त्यात काचेवर धूळ बसली, मग उरलं काय? पुसल्यावर कॅलेंडर काढलं, तरी पट्टी ओलांडून गेला.

व्हिडिओंमध्ये लोक सेन्सरवर सरळ पांढरा टेप लावायला सांगतात. कृपा करून नका लावू. आमच्या ओटीवरून पडवीत उतरायला चांगली दीड फुटाची पायरी आहे. टेप लावला असता तर रोबो तुळशीपाशी सापडला असता.

तर तुमचे अनुभव लिहा. कुठल्या कंपनीचा चांगला हा वाद नको. एरर काय आली यापेक्षा कुठे थांबला, किती वेळाने थांबला आणि शेवटी निघालं काय, ते सांगा. खारी हवा, वाळू, चार महिने पाऊस, मधूनच जाणारी लाईट; पुण्याच्या फ्लॅटमधल्या सूचना आपल्याकडे अर्ध्याच लागू पडतात.

गुहागर

आमचं घर पुळणीपासून चौथं, आणि वरच्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. आमचा बरोबर दहा-बारा मिनिटं चालायचा आणि मेन ब्रश अडकला म्हणून बसायचा. ब्रश काढून बघायचो तर स्वच्छ. परत लावायचो, परत दहा मिनिटं. असं आठवडाभर चाललं. बायको म्हणाली, याला सुट्टीची सवय लागली आहे.

मेहुणा आला होता, त्याने ब्रशच्या टोकाची प्लॅस्टिकची टोपी उपटली. ती निघते हेच मला माहीत नव्हतं. आत केसांची घट्ट चकती बसलेली, पाव इंच जाडीची, आणि त्यात वाळू कालवलेली. कापायला सुरी घातली तर करकर वाजली. ब्रश जोर लावून फिरत होता, मोटरवर ताण वाढला की मशीन स्वतःच बंद पडत होतं. दहा मिनिटं लागायची कारण तेवढ्यात ती चकती घासून गरम होत असावी, असं मेहुण्याचं म्हणणं. ब्रशचा चौकोनी दांडा वाळूने झिजून जवळजवळ गोल झाला होता, तो नवा आणावा लागला.

दुसरं, पुढचं छोटं चाक. तेही नुसतं ओढलं की हातात येतं. त्याच्या दांडीवर केस आणि खाली खळग्यात चमचाभर वाळू. ते चाक फिरत नसलं की रोबो सरळ जात नाही, तिरका तिरका सरकत भिंतीला जाऊन भिडतो.

आता पायरीशी नळ आणि बादली ठेवली आहे, आणि पाहुण्यांच्या खोल्या आधी केरसुणीने झाडून मगच रोबो सोडतो. वाळू हे रोबोचं काम नव्हे. वर्षभर त्याच्याकडून करून घेतलं, आता समजलं.

अलिबाग

आमचा थांबत नाही, फोनवरून निघतच नाही, लाईट जाऊन आली की. राउटर नवीन घेतल्यावर सुरू झालं. बहुतेक रोबोंना २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय कळतं, आणि नव्या राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही एकाच नावाने चालू होती. वेगळी नावं दिली, सुटला. तोवर आठ दिवस त्याच्या डोक्यावरचं बटण दाबत होतो. तेही चालतं हो, वायफायशिवाय तो झाडतो नीट.

मालवणजवळ गाव, राहणं डोंबिवलीत

माझं दुखणं वेगळं. रोबो मुद्दाम गावच्या घरासाठी घेतला. गणपतीच्या आदल्या रात्री एसटीतून उतरायचं आणि बंद घराची धूळ उपसायची, हे आता कंबरेला झेपत नाही. शिमग्याला गेलो तेव्हा झकास चालला. निघताना शहाण्यासारखा डॉकवर, म्हणजे त्याच्या चार्जिंगच्या जागेवर, बसवला, आणि त्याहून शहाण्यासारखा घराचा मेन स्विच पाडून आलो.

यंदा मे महिन्यात जाणं झालं नाही. गणपतीला गेलो तर रोबो गार. दिवा नाही, आवाज नाही. रात्रभर डॉकवर ठेवला, तरी काही नाही. वाडीतल्या वायरमनने बॅटरी काढून मीटर लावला. १४.४ व्होल्टची बॅटरी, मीटर आठसुद्धा दाखवेना. डॉकला लाईट नव्हती, पण रोबो चालूच होता. फोनवरून कोणी हाक मारील म्हणून कान लावून बसल्यासारखा थोडी थोडी बॅटरी खात राहिला. लिथियमची बॅटरी एका मर्यादेखाली उतरली की तिच्या आतलं सर्किट तिला कुलूप घालतं. ते सुरक्षिततेसाठीच असतं, पण मग साध्या डॉकने ती उठत नाही. नवी घ्यावी लागली. तोवर चतुर्थी उलटली होती आणि सगळा केर वहिनीनेच काढला. त्यावरून काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

आता पूर्ण चार्ज करून, खालचं मुख्य बटण बंद करून, डॉकवरून उतरवून कपाटात ठेवला आहे. शिमग्याला कळेल.

हर्णै

आमच्याकडे हिरांची केरसुणी आहे. मॅप विसरत नाही, वायफाय मागत नाही, मेन स्विच पाडला तरी चालते.

धागा काढणारी, रत्नागिरी

हर्णैकर, हसून घ्या. पण त्याच केरसुणीचा एक हीर ओढून द्या मला. रोबोच्या पुढच्या बंपरच्या फटीत केर बसला की बंपर आत दाबलेलाच राहतो, आणि रोबोला वाटतं आपण सारखे कशावर तरी आपटतोय. त्या फटीत काडी जाड होते, सुई ओरखडे काढते. हीर अगदी मापाचा.

डोंबिवलीचे दादा, वहिनींचं चुकलं नाही.

देवगड

घर पश्चिमेला तोंड करून, समोर थेट समुद्र. आमच्या रोबोला दोन दुखणी होती आणि मी ती एकच समजून दोन महिने घालवले.

पहिलं: रात्री डॉकवर जाऊन बसायचा, सकाळी बघावं तर चार्ज १८ टक्के. अर्ध्या हॉलमध्ये थांबायचा. बॅटरी गेली म्हणून नवी मागवणार होतो. त्याआधी सहज त्याला उलटा केला. पोटाखाली ज्या दोन धातूच्या पट्ट्या असतात त्यांवर मळकट साय धरली होती. डॉकवरच्या दोन्ही पट्ट्यांवरही तीच. इथे खिडकीच्या कड्या, पंख्याचे स्क्रू, गॅसची शेगडी, काहीच वाचत नाही, मग ह्या कशा वाचणार? मुलीच्या कंपासमधला खोडरबर घेऊन चारही पट्ट्या घासल्या, लखलखीत झाल्या. कोरड्या फडक्याने रबराचा भुगा पुसला. सकाळी शंभर टक्के. आता दर पंधरा दिवसांनी घासतो, पावसाळ्यात दर आठवड्याला.

दुसरं: सकाळी सोडला तर घरी परततो, संध्याकाळी सोडला तर डॉकच्या आसपास घुटमळून तिथेच बॅटरी संपवतो. डॉक पडवीच्या दाराजवळ होता. चारनंतर ऊन सरळ त्यावर. डॉक जो इन्फ्रारेड इशारा देतो तो त्या उन्हात हरवतो. डॉक आतल्या भिंतीला नेला, प्रश्न मिटला. डॉक इशारा देतोय की नाही हे बघायचं असेल तर फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा. डोळ्यांना दिसत नाही, पण बऱ्याच फोनच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपका दिसतो. टीव्हीच्या रिमोटवर आधी करून बघा, म्हणजे आपल्या फोनला दिसतं का ते कळेल.

दापोली

गणपतीत दारापुढे आणि मखराभोवती रांगोळी काढली होती. विसर्जनानंतर सासूबाई म्हणाल्या, सोड त्याला. सोडला. रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, ती फिल्टरच्या घड्यांमध्ये जाऊन अशी बसली की पाच मिनिटांत आवाज बदलला, घुसमटल्यासारखा झाला, आणि थांबला. डबा उघडला तर फिल्टर गुलाबी-हिरवा.

फिल्टर धुता येणारा होता, धुतला. पत्रकात लिहिलेलं, २४ तास वाळवा. भाद्रपदातले २४ तास म्हणजे काय ते पत्रक लिहिणाऱ्याला काय ठाऊक? इथे तर टॉवेल दोन दिवस कुबट राहतो. दुसऱ्या दिवशी वरून कोरडा वाटला म्हणून लावला. पुन्हा तेच, पाच मिनिटांत बंद. ओल्या घड्यांना धूळ चिकटून पिठल्यासारखा लेप झाला होता. मग पुन्हा धुतला आणि पंख्याखाली उभा करून तीन दिवस ठेवला. ह्यांनी हेअर ड्रायर सुचवला होता, मी नको म्हटलं, गरम हवेने त्याचा कागद आकसतो.

आता दोन फिल्टर आहेत, एक वाळत असतो आणि एक कामावर. आणि रांगोळी मीच भरते, ओल्या फडक्याने.

श्रीवर्धन

आमचा कॅमेऱ्यावर चालणारा आहे, वर तो फिरणारा लेझरचा मनोरा नाही. श्रावणात दारंखिडक्या लावून घेतल्या की दिवसाही घरात अंधार, आणि हा खोलीच्या मध्यावर भांबावून उभा. कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे ना. ट्यूबलाइट लावली की चालू लागतो. लेझरवाल्याला हा त्रास नाही, पण बहिणीकडचा लेझरवाला आरशाच्या कपाटात आणखी एक खोली आहे असं समजून तिथे शिरायला बघतो, तेव्हा फुकटात काहीच नाही.

वेंगुर्ला

आमच्या आजीला रोबोवर भारी माया. तो बसला की ती म्हणते, "ता दमला आसात, तेका वायच बसाक दी." मी ॲप उघडून एरर वाचत असतो आणि ती त्याच्यावर पंख्याचा वारा घालायला सांगते.

मागच्या महिन्यात तो रोज देवघराच्या आसपासच बसायला लागला. एरर साइड ब्रशची. तो तीन पायांचा कोपरे झाडणारा छोटा ब्रश. स्क्रू काढून ब्रश वर ओढला तर खाली दांडीभोवती दोरा. पांढरा, घट्ट, एकावर एक वेढे. उलगडत गेलो तर हातभर लांब निघाला आणि मध्ये एक वाळलेलं केशरी फूल. आजी रोज देवाला अबोलीचा वळेसर घालते, दुसऱ्या दिवशी उतरवते आणि निर्माल्याच्या टोपलीत टाकते. टोपली जमिनीवर. उरलेलं तुम्ही समजलात.

टोपली आता स्टुलावर. आजीला दोरा दाखवला तर म्हणाली, "तरी मी म्हणी, ह्या मेल्याच्या गळ्यात कायतरी अडाकला."

गुहागर

वेंगुर्ल्याचे दादा, वेढे सोडवल्यावर ब्रशच्या खालची दांडी हाताने फिरवून बघा. सैल फिरली तर ठीक, खरखरली तर आत अजून दोरा आहे. आमच्याकडे एका पाहुण्यांच्या गजऱ्याने हेच केलं होतं.

मालवणजवळ गाव, राहणं डोंबिवलीत

शिमग्याला गावी आलोय, कळवायचं कबूल केलं होतं. कपाटातून काढला, बटण दाबलं, बोलला. चार्ज ९१ टक्के. डॉकच्या पट्ट्यांना देवगडकरांचा खोडरबर फिरवून घेतला, क्लिफ सेन्सर पुसले, सोडला. ओटी झाली, माजघर झालं. वहिनी चहा घेऊन बघत उभी. पडवीच्या दाराशी गेला आणि बसला.

उलटा केला. काथ्याच्या पायपुसण्याची दशी, मेन ब्रशला तीन वेढे. वहिनीने न बोलता विळी पुढे सरकवली.