मदत हवी आहे: दोन नव्या टीम कुठल्या शहरांना द्याव्यात? (उद्या सबमिशन!)

उंटावरचा_शहाणा
लवकर सांगा प्लीज. फुटबॉल लीगमध्ये दोन टीम वाढवायच्यात, शहरं निवडून कारणं द्यायचीत. स्पोर्ट्स मॅनेजमेंटची असाइनमेंट आहे. मी लोकसंख्येप्रमाणे यादी काढली, टीम नसलेल्यांत सॅन अँटोनियो पहिलं आलं. सरांनी "एवढंच?" असं लिहून परत पाठवलं. आता काय लिहू?

खडूस
कुठला फुटबॉल? पायाने खेळतात तो की हाताने?

उंटावरचा_शहाणा
सॅन अँटोनियो म्हटल्यावर कळायला हवं ना. एनएफएल, अमेरिकेतली हाताने खेळायच्या फुटबॉलची लीग!

टिवल्याबावल्या
कसं कळणार? पायाने खेळायच्या फुटबॉलची लीग एमएलएसही तिथलीच, आणि वाढतेय तीच. २०२५मध्ये सॅन डिएगो आली तेव्हा ३० झाल्या. एनएफएलची शेवटची नवी टीम २००२ची, ह्यूस्टन.

निवांत_गडी
३२ टीम, चार-चारचे आठ डिव्हिजन. दोन वाढवल्या की घडी विस्कटते. सरांना हेच हवं असणार. ह्यूस्टनआधी ३१ होत्या तेव्हा दर आठवड्याला कुणीतरी एक टीम बसूनच असायची.

खडूस
वेळापत्रकाचं कोण विचारतंय? ३२पैकी २४ मालकांनी हो म्हणावं लागतं. टीव्हीचा राष्ट्रीय पैसा सगळ्यांत सारखा वाटला जातो, म्हणजे ३३वा पानावर बसला की प्रत्येकाच्या पोळीचा तुकडा लहान. ग्रीन बे लाखभर वस्तीचं गाव, तरी टीम टिकली ती याच वाटणीमुळे. आणि १९९९मध्ये लीगला ३२वी टीम लॉस एंजेलिसलाच द्यायची होती. तिथे स्टेडियमचं काही ठरेना, ह्यूस्टनच्या माणसाने ७० कोटी डॉलर मोजले आणि टीम घेऊन गेला. तुझी लोकसंख्येची यादी चुलीत घाल.

सातासमुद्रापार
सॅन अँटोनियोला नावं ठेवू नका. मी चार वर्षं राहिलेय. त्यांनी टीम येईल या आशेवर १९९३मध्ये अलामोडोम स्टेडियम बांधलं. २००५च्या वादळानंतर न्यू ऑर्लिन्सची टीम तिथे तीन सामने खेळून गेली, बस्स. शहर टेक्सासमध्ये, मग टेक्सासमधल्या दोन टीम आपल्या अंगणात तिसरी का येऊ देतील?

आजोबा_ऑनलाइन
या खेळात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. न जमल्यास चेंडू समोरच्यांना. एकदा कळलं की मजा येते.

खडूस
आजोबा, हे कुणी विचारलं?

टिवल्याबावल्या
सेंट लुईस लिही. तिथली एक टीम १९८८मध्ये ॲरिझोनाला गेली, २०१६मध्ये दुसरी लॉस एंजेलिसला. शहराने लीगवर दावा ठोकला, २०२१मध्ये ७९ कोटी डॉलरवर मिटला.

निवांत_गडी
ज्याला कोर्टात खेचलं त्यालाच पुन्हा मुलगी मागायची? टोरोंटो घे.

मॅपल_मावशी
टोरोंटो नको गं बाई. २००८ ते २०१३ बफेलोची टीम दरवर्षी एक 'घरचा' सामना इथे खेळायची. मी एकदा गेले होते. बंद छप्पर, उबदार हवा, आणि माझ्या रांगेत निम्म्या जर्सी पाहुण्यांच्या! बफेलोच्या थंडीत पाहुणे गारठतात, इथे ते आरामात खेळायचे. बफेलोवाले सहापैकी एकच सामना जिंकले.

भटक्या७
अवांतर: हा कोर्स करून नोकरी लागते का? भाच्यासाठी विचारतोय.

उंटावरचा_शहाणा
एक सांगायचं राहिलं. सरांची अट आहे, स्टेडियमला सरकारी पैसा धरायचा नाही.

खडूस
हे आत्ता सांगतोस?? सगळं प्रकरण त्यावरच तर अडतं!

निवांत_गडी
मग तयार स्टेडियम असलेलं शहर शोध. लंडन! तिथल्या टॉटनहॅम क्लबच्या मैदानाची हिरवळ सरकवता येते, खाली एनएफएलसाठी वेगळी टर्फ आहे. लंडनमध्ये २००७पासून एनएफएलचे सामने होतातच.

सातासमुद्रापार
अन् प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) लॉस एंजेलिसला लागला तर? आठ तासांचं अंतर घड्याळात, दहा-अकरा तास विमानात. एखाद्या सामन्याला चालतं, १७ सामन्यांचा सीझन तसा काढून दाखवा.

उंटावरचा_शहाणा
लंडन लिहितो. दुसरं पटकन सांगा.

खडूस
आधी मालक कोण, नव्या टीमची फी कोण भरणार ते लिही. शहर नंतर.

उंटावरचा_शहाणा
मालकपण शोधायचा? ते असाइनमेंटमध्ये नाहीये.

भटक्या७
भाच्याचं राहिलंच.