रात्री गॅस टर्बाइन अर्ध्या लोडवर ठेवायची की बंद करायची? एचआरएसजीला (तिच्या गरम धुरावर वाफ करणाऱ्या बॉयलरला) जास्त काय बाधतं?

हेडर_वेल्ड (धागाकर्ता)

दुपारी सौर वीज भरभरून येते, रात्री मागणी उतरते आणि दोन्ही वेळा एलडीचा (लोड डिस्पॅच केंद्राचा) फोन गॅस प्लान्टला येतो, ‘बॅकडाउन करा,’ म्हणजे वीज कमी करा. मग मशीन पन्नास टक्क्यांवर आणून रात्रभर तसंच ठेवतात. सकाळी सगळे खूश, कारण स्टार्ट वाचला. बॉयलरच्या मेंटेनन्समध्ये इतकी वर्षं काढल्यावर मला हे समाधान खोटं वाटतं.

कोळशाच्या बॉयलरची सवय असलेला माणूस इथे फसतो. त्याला वाटतं, लोड कमी म्हणजे उष्णता कमी. गॅस टर्बाइनचं तसं नसतं. लोड उतरवताना आयजीव्ही (हवा आत घेणारी पाती) मिटत जातात, हवा कमी होते आणि एक्झॉस्टचं तापमान उलट चढतं. मोठ्या एफ क्लास मशीनला पूर्ण लोडवर ते 600 अंशांच्या आसपास असतं, अर्ध्या लोडकडे येताना 650 च्या मर्यादेला टेकतं. धूर कमी पण जास्त गरम, आणि सुपरहीटरमधून (वाफ आणखी तापवणाऱ्या ट्यूबमधून) जाणारी वाफही कमी. तापमान आवरायला ॲटेम्परेटरचा, म्हणजे वाफेत पाणी मारणारा, स्प्रे उघडावाच लागतो. थोड्या वाफेत जास्त पाणी पडलं की ते पुरतं वाफ होत नाही. थेंब पुढच्या बेंडवर आणि हेडरवर (ट्यूब जोडलेल्या जाड पाइपवर) आदळतात. तापलेल्या लोखंडावर रात्रभर पाणी शिंपडल्यासारखंच ते. आमच्या एका आउटेजमध्ये स्प्रेनंतरच्या बेंडला आतून बारीक तड्यांचं जाळं निघालं. त्या वर्षी स्टार्ट अगदी मोजके होते.

शिफ्ट_इंजिनिअर

सर, बेंडचं मान्य. पण स्टार्टला तुम्ही फार स्वस्तात सोडलंत. एचपी ड्रमची (जास्त दाबाच्या पाणी-वाफेच्या टाकीची) भिंत जाड असते. प्रत्येक स्टार्टला ती आतून आधी तापते, बाहेरून मागून, आणि त्या ताणाची नोंद धातूत कायमची राहते. शिवाय पर्ज, म्हणजे आतला उरलेला गॅस हवेने बाहेर काढणं! हॉट स्टार्टच्या आधी टर्बाइन नुसती हवा ढकलते. ती हवा गरम सुपरहीटरला थंड करते, आत अडकलेल्या वाफेचं पाणी होतं. ड्रेन लहान असेल किंवा उशिरा उघडला, तर खालच्या हेडरवरच्या काही ट्यूब पाण्याने भरलेल्या आणि शेजारच्या कोरड्या, तापलेल्या. ट्यूब ओढल्या जातात, वेल्ड सुटतात. हे रोज रात्री करायचं म्हणजे वर्षाला तीनशेहून जास्त वेळा. त्यापेक्षा अर्धा लोड परवडला. तुमच्या तड्यांचं मूळ स्प्रेच्या सेटिंगमध्ये आहे, लोडमध्ये नाही. स्प्रेनंतर वाफ संपृक्त तापमानाच्या (त्या दाबाला पाणी उकळतं त्या तापमानाच्या) निदान 25-30 अंश वर राहील अशी मर्यादा लॉजिकमध्ये घाला, तडे थांबतील.

हेडर_वेल्ड

मर्यादा घातली की स्प्रे तिथे थांबतो आणि बाहेर पडणाऱ्या वाफेचं तापमान वर जातं. मग डेस्कवरचा माणूस काय करतो? स्प्रे मॅन्युअलला घेतो. मी ट्रेंड पाहिलेत, म्हणून बोलतोय.

बंद म्हणजे सगळंच बंद, असंही मी म्हणत नाही. उरणला 108 मेगावॉटची चार गॅस टर्बाइन आणि 120 मेगावॉटची दोन स्टीम टर्बाइन आहेत. जिथे अशा दोन गॅस टर्बाइनमागे एक स्टीम टर्बाइन जोडलेली असते, तिथे दोन्ही अर्ध्यावर ठेवण्याऐवजी एक पूर्ण लोडवर चालवा, दुसरी थांबवा. थांबलेल्या बॉयलरचा स्टॅक डॅम्पर (धुराड्याची झडप) मिटून प्रेशर धरून ठेवा.

फीडवॉटर_लॅब

तुम्ही दोघंही गरम टोकाबद्दल बोलताय. मला थंड टोकाची जास्त भीती वाटते.

लोड उतरला की प्रेशरही उतरू देतात. एलपी आणि आयपी (कमी आणि मधल्या दाबाचे) इव्हॅपोरेटर, म्हणजे पाण्याची वाफ करणाऱ्या ट्यूब, मग 150 ते 180 अंशांच्या पट्ट्यात येऊन बसतात आणि कार्बन स्टीलची झीज नेमकी तिथेच सर्वात जोरात होते. त्यात कमी प्रेशरची वाफ फुगते, तिचा वेग वाढतो. ट्यूबच्या वळणावरचा काळा संरक्षक थर विरघळत जातो. तडा नाही, आवाज नाही, भिंत नुसती पातळ होत जाते. जपानच्या मिहामा अणुकेंद्रात 2004 मध्ये अशाच झिजेने 10 मिलिमीटरची पाइप 1.4 मिलिमीटरवर आली आणि फुटली, 5 माणसं गेली. तो एचआरएसजी नव्हता, पण झीज हीच होती.

अजूनही काही ठिकाणी सवयीने हायड्राझिन (पाण्यातला ऑक्सिजन काढणारं रसायन) घालतात. जिथे तांब्याचा भागच नाही तिथे ते घालणं म्हणजे झिजेला मदत. पीएच 9.6 च्या वर ठेवा, एलपी ड्रमचं प्रेशर खाली सोडू नका. मग अर्धा लोड चालेल.

शिफ्ट_इंजिनिअर

प्रेशर धरलं की एलपीची वाफ कमी बनते आणि हीट रेट (युनिटमागे लागणारी उष्णता) बिघडतो. रात्रभराचा गॅस कोण भरणार?

फीडवॉटर_लॅब

नव्या इव्हॅपोरेटर बंडलचे पैसे कोण भरणार, तोच. आणि बंडल येईपर्यंत संच उभा राहील तेही धरा.

हेडर_वेल्ड

लॅबचं प्रेशरबद्दलचं म्हणणं मी मान्य करतो, ते माझ्या हिशेबात नव्हतं. पण स्प्रेबद्दल मी हटणार नाही. शिफ्ट_इंजिनिअर, एक काम करा. रात्री अर्ध्या लोडवर असताना स्प्रेनंतरच्या थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा) आणि ड्रम प्रेशरचा ट्रेंड एकाच पडद्यावर लावा, मिनिटामिनिटाचा. सरासरी नको, सरासरीत काही दिसत नाही. स्प्रे व्हॉल्व्ह शून्यावर असतानाही तापमान खाली ओढलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह गळतोय. तेवढं बघून इथे लिहा, मग स्टार्ट मोजू.