अनुभव धागा: ठाणे-नवी मुंबईत साप, बिबट्या, पाकट, आग्या मोहोळ – नेमकं करायचं काय?

पाचवा मजला
एका अंगाला येऊरचं रान, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मधे आपण. पावसाळा तोंडावर आला की सोसायटीच्या ग्रुपवर सापांचे फोटो आणि त्याखाली ऐकीव उपाय सुरू होतात. ज्यांचा या प्राण्यांशी कामाच्या निमित्ताने रोज संबंध येतो, त्यांनी इथे लिहावं ही विनंती. थरारक किस्से नकोत. ओळख, पहिली कृती आणि कुठे चुकतं, एवढंच.

रानवाट
विषारी म्हणून लक्षात ठेवायचे चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. फुरसं आपल्याकडे त्या मानाने कमी, खाली रत्नागिरीकडे भरपूर. नाग फणा काढतो म्हणून निदान ओळखू येतो. घोळ होतो तो बाकीच्यांत.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या: दोघांच्याही अंगावर आडवे पट्टे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं. डोक्याकडचा भाग जवळजवळ कोरा काळा, मग पांढऱ्या बारीक पट्ट्यांच्या जोड्या, त्या थेट शेपटीपर्यंत. फोटो मोठा करून पाहिलात तर मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी, बाकीच्यांपेक्षा मोठ्या खवल्यांची एक ओळ दिसते. भिंतीवर सरसर चढून वरच्या मजल्यावर आलेला साप बहुतेक वेळा कवड्याच निघतो, पण "बहुतेक"च्या भरवशावर हात घालायचा नसतो.

घोणस आणि अजगराचं पिल्लू: ही गल्लत जास्त महागात पडते, कारण अजगर समजून लोक सरळ उचलायला जातात. घोणशीच्या पाठीवर गडद, लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या नीट असतात. अजगराचे डाग वेडेवाकडे, एकाचा आकार दुसऱ्याला नाही. घोणस डिवचली की कुकरची शिट्टी सुटावी तसा लांब फूत्कार टाकते. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते, आणि पावसाळ्याच्या तोंडाला ती पिल्लं बागेत, पार्किंगमध्ये सापडतात. वीतभर पिल्लालाही पूर्ण विष असतं.

येऊरला पावसात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. बांबूवर, झुडपाच्या फांदीवर हिरवा चापडा हा विषारी साप हालचाल न करता बसलेला असतो. फांद्या बाजूला सारायला काठी वापरा. त्याच्या दंशाने सहसा जीव जात नाही, पण वेदना आणि सूज भरपूर, आणि आपल्याकडचं प्रतिविष (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) त्याच्यासाठी बनलेलं नाही.

साप घरात दिसला तर एकाने लांबून नजर ठेवायची, बाकीच्यांनी मुलं आणि कुत्री-मांजरं आत न्यायची आणि वनविभागाच्या १९२६ ला फोन लावायचा. सगळा गोंधळ होतो तो नजर हटल्यावर. मग अख्खं घर उपसावं लागतं.

कॅज्युअल्टी
रुग्णालयाच्या बाजूने लिहितो. दंश झाल्यावर आधी अंगठी, बांगड्या, पैंजण, घड्याळ, बूट काढा. सूज चढली की ते कापून काढावे लागतात. हात किंवा पाय मोडल्यावर बांधतात तशी पट्टी किंवा फूटपट्टी लावून दंश झालेला हात-पाय स्थिर करा. माणसाला चालू देऊ नका, जिना असेल तर खुर्चीत बसवून उतरवा. दंशाची वेळ लिहून ठेवा. सूज जिथवर आली असेल तिथे पेनाने रेघ मारून बाजूला वेळ टाका, त्याचा आम्हाला फार उपयोग होतो. चिरा देणं, चोखणं, बर्फ, पोटॅशियम परमँगनेट, यातलं काहीही नको. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन तर मुळीच नको. घोणशीच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यात ही भर कशाला?

साप मारून पिशवीत घालून आणू नका. तुटलेलं मुंडकंही काही वेळ चावू शकतं. मोबाइलवर लांबून काढलेला फोटो पुरतो, आणि तोही नसला तरी अडत नाही, कारण उपचार लक्षणांवरून ठरतात. रक्ताची साधी चाचणी असते: काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरपं करायचं. गुठळी झालेली नसेल तर विषाने रक्तावर परिणाम केलाय.

प्रतिविष चारही सापांसाठी एकच असतं. सुरुवातीची मात्रा साधारण ८ ते १० कुप्या, आणि लहान मुलालाही तेवढीच. लोक यावर वाद घालतात, "पोराला एवढं कसं?" म्हणून. साप मुलाला बघून विष कमी सोडत नाही, आणि मारायचं असतं ते विष. काहींना प्रतिविषाचीच जोरदार अ‍ॅलर्जी येते, म्हणून अ‍ॅड्रेनलिन (ती अ‍ॅलर्जी आवरणारं इंजेक्शन) भरून हाताशी ठेवूनच ते देतात. गल्लीतल्या दवाखान्यात ते टोचून घेण्याचा आग्रह धरू नये, तो यासाठी.

मण्यारीबद्दल वेगळं लिहायला हवं. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावते. दंश दुखत नाही, सूज नाही, खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणं अडखळतं. पावसाळ्यात पहाटेच्या पोटदुखीला अ‍ॅसिडिटीची गोळी देण्याआधी पापण्या बघा. अशा रुग्णाला कित्येक दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो, कारण मज्जातंतूंच्या टोकांना झालेली इजा प्रतिविषाने उलटत नाही, ती सावकाश भरून यावी लागते. म्हणून जवळच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविष आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहेत, हे आत्ताच फोन करून विचारून ठेवा. आणि काही लक्षण नसलं तरी २४ तास देखरेख हवीच.

कोलशेत
दंशाच्या वर दोरी आधीच करकचून बांधली असेल तर? वाटेतच सोडायची का?

कॅज्युअल्टी
नाही. खाली अडलेलं विष एकदम चढू शकतं. रुग्णालयात पोचा, सलाइन-प्रतिविष तयार असताना डॉक्टर सोडतील. मुळात बांधायचीच नसते. पुढचा भाग काळा पडून हात गमावल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत.

घोडबंदरी
बिबट्या. मानपाडा ते गायमुख पट्ट्यातल्या सोसायट्या संजय गांधी उद्यानाच्या कुंपणाला टेकून आहेत, तेव्हा सीसीटीव्हीत बिबट्या दिसणं ही बातमी नव्हे. तो येतो कुत्र्यांसाठी, कुत्री येतात कचऱ्यासाठी. कुंपणालगतचा उघडा कचरा आणि तिथेच कुत्र्यांना घातलेलं खाणं बंद झालं की त्याच्या फेऱ्या कमी होतात.

अंधार पडल्यावर मुलं एकटी नकोत. वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला चतुष्पाद भक्ष्याच्या उंचीचा दिसतो, म्हणून पाड्यांवर उघड्यावर शौचाला बसणाऱ्यांना धोका जास्त. समोरासमोर आलात तर पळू नका, वाकू नका, हात वर करून मोठ्याने बोलत मागे सरा.

इमारतीत शिरला तर सगळ्यांनी घरात बसून दारं लावायची, गेट सताड उघडं ठेवायचं आणि गच्ची-जिन्यात मोबाइल घेऊन उभं राहायचं नाही. बेशुद्धीचं इंजेक्शन लागल्यावर औषध चढायला दहा-पंधरा मिनिटं जातात. नेमक्या त्याच वेळात गर्दी ओरडते, आणि अर्धवट गुंगीतला घाबरलेला प्राणी वाटेत येईल त्यावर झेप घेतो.

"पिंजरा लावा" ही मागणी दरवर्षी होते. नुसता दिसला म्हणून पकडून लांब सोडला तर रिकाम्या हद्दीत दुसरा येतो, आणि सोडलेला अनोळखी मुलखात माणसांत शिरतो. केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. येऊरच्या पाड्यांवर दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, वाघोबा हा देव पुजतात. बिबट्या शेजारी आहे हे गृहीत धरून चालणं त्यांना फ्लॅटवाल्यांपेक्षा बरं जमतं, असं माझं मत.

कोपरखैरणे
आमच्याकडे उंच इमारतींच्या सज्जाखाली आग्या मोहोळ लटकतं. फटाके, धूर, ड्रोन, काच पुसणाऱ्यांचा झोपाळा, एवढ्याने उठतं. एक माशी चावली की तिथून सुटणाऱ्या वासावर बाकीच्या त्याच जागी येतात. हात हलवू नका, डोकं-तोंड कपड्याने झाकून सरळ बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालत राहतात. काटा नखाने किंवा कार्डाने लगेच खरवडून काढा. विषाची पिशवी त्यालाच असते आणि ती पिचकत राहते. ओठ-जीभ सुजली किंवा धाप लागली तर वेळ न घालवता १०८.

खारघरच्या खारफुटीकडे कोल्हे दिसतात. ते माणसाला टाळतात. दिवसाढवळ्या अंगावर येणारा कोल्हा मात्र रेबीजचा समजायचा. चावला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घड्याळ लावून. टाके घालून घेऊ नका. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, तेव्हा ते आहे का हे विचारूनच रुग्णालय निवडा. येऊरच्या माकडांनाही हाच नियम.

खाडीवाला
भाद्रपदात गणपती घेऊन पाण्यात उतरणाऱ्यांसाठी. पाकट हा चपटा मासा (स्टिंग रे) उथळ पाण्यात चिखलाखाली पडून असतो, वरून पाय पडला की शेपटीचा काटा उलटा मारतो. २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाच्या वेळी असेच अनेक जण जखमी झाले होते. पाय उचलून टाकू नका, तळाशी घासत सरका. चाहूल लागली की पाकट स्वतःच हलतो. काट्याला मागे वळलेले दाते असतात, त्यामुळे ओढताना मांस फाटतं, आणि टोक आत तुटून राहतं. एक्स-रे त्यासाठी. वेदनेवर गरम पाणी: साधारण ४५ अंश, ३० ते ९० मिनिटं. आधी चांगल्या पायाने अंदाज घ्या, दुखरा पाय बधिर असतो आणि भाजल्याचं कळत नाही. छाती-पोटात काटा घुसला असेल तर उपसू नका, तसाच घेऊन जा. शिंगाळा माशाच्या काट्यालाही गरम पाणीच. त्याचे काटे तीन, पाठीवर एक आणि बाजूच्या परांना एकेक; जाळ्यातून सोडवताना हातात घुसतात.

जाळ्यात साप आला तर शेपटी बघा. वल्ह्यासारखी चपटी असेल तर समुद्री साप, आणि तो जहाल. दंश दुखत नाही, मग अंग आखडतं, लघवी गडद होते. चार सापांचं प्रतिविष इथे चालत नाही, मूत्रपिंडं सांभाळावी लागतात. त्याला हाताने सोडवू नका, जाळं कापलेलं स्वस्त पडतं.

महाडकर, आता ऐरोली
लाल विंचू राहिला. काळा मोठा दिसतो म्हणून लोक त्याला घाबरतात, पण जीवघेणा तो छोटा लाल. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं, मग फुफ्फुसांत पाणी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध परिणामकारक असल्याचं दाखवलं. मुलांना लवकर न्या.

पाचवा मजला
साप येऊ नयेत म्हणून सोसायटी फिनेल आणि कार्बोलिक अ‍ॅसिड शिंपडायचं म्हणतेय. करावं का?

रानवाट
ताई, पैसे वाया. साप वासाने परत फिरत नाही, आणि कार्बोलिकने माळ्याचे हात भाजतील. त्याच पैशात पावसाळी पाइपांच्या तोंडांना पाव इंची जाळी बसवा, तळमजल्याच्या दारांखाली रबरी पट्टी लावा, भिंतीलगतचा राडारोडा उचला आणि उंदीर आवरा. वॉचमनला खाट आणि गादीखाली खोचलेली मच्छरदाणी द्या. मण्यारीचा सगळ्यात मोठा धोका त्यालाच आहे आणि मीटिंगमध्ये त्याचा विषय निघत नाही.