भांग रुंद होतोय, पाण्यामुळे की हार्मोन्समुळे?

इंदिरानगर, नाशिक. माझी बहीण 26 वर्षांची आहे, वर्षभरात तिचा भांग रुंद झालाय, टाळू दिसते, पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि हनुवटीवर जाड केस यायला लागलेत. आई म्हणते बोअरचं पाणी जड आहे. बिचारी आरशासमोर रडते हो, काय करू?

सिडकोकर: जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात, पण नुसता भांग असा उघडा पडत नाही. पाळी आणि हनुवटीचं ऐकून पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा बिघाड) वाटतंय. त्यात अँड्रोजन म्हणजे पुरुषी हार्मोन्स वाढतात, त्यातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हे आणखी जोरदार हार्मोन बनतं आणि त्याने केसाचं मूळ आखडत जातं, म्हणजे दर वेळी उगवणारा केस आधीपेक्षा बारीक. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच, आणि टीएसएच (थायरॉइडची), फेरिटिन (लोहाच्या साठ्याची), टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन (दुधाच्या हार्मोनची) या रक्ततपासण्या करायच्या का विचारा.

पंचवटीची ताई: मला मिनॉक्सिडिल हे केस वाढायचं औषध दिलंय. सुरुवातीला केस जास्तच गळतात, घाबरून बंद करू नका, फरक दिसायला चार-सहा महिने जातात आणि सोडलं की परत गळतात. स्पायरोनोलॅक्टोन (अँड्रोजनचा परिणाम रोखणारी गोळी) डॉक्टरांच्या देखरेखीतच, गरोदरपणात अजिबात नाही. भावाची टकलावरची फिनास्टेराइड गोळी तर तिला मुळीच देऊ नका.

नाशिकरोड: माझे बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात मूठमूठ गेले, इस्ट्रोजेन हे स्त्री हार्मोन उतरल्यामुळे, ते आपोआप आले. तिचं वेगळं आहे, थांबू नका. आणि केसांसाठी बायोटिन या व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी लॅबवाल्याला सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकतो त्याने.